पहिली खेप देवाची

दरवर्षी आबांच्या पुण्यतिथीला जेवणं उरकली की गुंडामामा भिंतीला टेकून बसतो, सुपारी कातरतो आणि ती गोष्ट सांगायला घेतो. हा आईचा धाकटा भाऊ. आबा वारले त्या दिवशी तो मंगळवेढ्याच्या पलीकडे रानात शेरडं राखत होता, सोलापुरात नव्हताच. पण सांगतो असं की आबांच्या उशाशी हाच बसला होता. पहिल्या वर्षी गोष्टीत एवढंच होतं की येडूबाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, छातीत कळ आली, लेकाची कोरी गाडी दारात उभी होती, पण येडूबा म्हणाला, नव्या गाडीतून मला नेऊ नका, पहिली खेप देवाची. दुसऱ्या वर्षी आबांनी गाडीला हात जोडले. तिसऱ्या वर्षी भंडारा लावला. यंदाच्या पाचव्या वर्षी त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि मगच रिक्षात बसले. मेलेल्या माणसाकडून हा मामा दरवर्षी एक काम जास्तीचं करून घेतो.

ऐकणारे माना डोलावतात. बायका डोळ्याला पदर लावतात. कुणीतरी म्हणतं, असा बाप मिळायला नशीब लागतं. माझा भाऊ धनाजी मान खाली घालून बसलेला असतो. आणि मी, त्याची थोरली बहीण रुपाली, उठून मोरीत जाते आणि भांडी घासायला लागते. घरात सून असताना माहेरवाशिणीने भांडी का घासावीत, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तेव्हाच सांगून मोकळी झाले असते.

आबा असं काही बोललेच नव्हते. ते वाक्य माझं आहे.

गाडीचं पहिल्यापासून सांगते. आमच्या घरात कोरी वस्तू येण्याची पद्धतच नव्हती. आबांची सायकल जुनी, आईचं शिलाई मशीन जुनं, टीव्ही दुसऱ्या कुणाच्या घरातून उतरलेला. माझ्या लग्नातलं कपाटसुद्धा आधी एका मास्तरीणबाईंचं होतं, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या पोराने खिळ्याने ओरखडलेला हत्ती अजून आहे. आबांनी मेंढरं विकली, गाव सोडलं आणि सोलापुरात मजरेवाडीला येऊन एका कारखान्यावर पहारेकऱ्याचं काम धरलं, तेव्हा मी सोळाची होते आणि धनाजी बारा वर्षांचा. पुढे तो ड्रायव्हिंग शिकला आणि सुताच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला. अकरा वर्षं त्याने शेठच्या घरच्यांना तुळजापूर, गाणगापूर, तिरुपती असे सगळे देव दाखवले. ते दर्शनाला गेले की हा गाडी पुसत बसायचा. ती गाडी त्याने लाखभर किलोमीटर तरी चालवली असेल, पण मागच्या सीटवर एकदाही बसला नाही.

नंतर त्याने नोकरी सोडली, दोन जुन्या व्हॅन घेतल्या आणि शाळेची मुलं ने-आण करायला लागला. त्यात जम बसला आणि पाच वर्षांपूर्वी, ऐन मार्च महिन्यात, एका गुरुवारी संध्याकाळी तो पांढरी कोरी गाडी घेऊन दारात आला. हॉर्न वाजवला नाही. नुसता उतरला आणि गाडीच्या बाजूला उभा राहिला, लग्नात फोटो काढायला उभं करतात तसा. मी दोन गल्ल्या पलीकडेच राहते. वहिनीने, म्हणजे वैष्णवीने, फोन केला आणि मी हातातलं पीठ तसंच ठेवून पळत गेले. मला रडू आलं. भावाचं कौतुक मी कधी तोंडावर केलेलं नाही, तेव्हाही म्हणाले, रंग मळखाऊ तरी घ्यायचास. पण मला रडू आलेलं त्याने बघितलं.

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ही आधी कुणाची होती. धनाजी म्हणाला, कुणाचीच नाही. आबांना ते पटेना. कुणीच चालवली नाही तर ती नीट चालते की नाही हे तुला कसं कळलं, असं त्यांचं म्हणणं. सगळे हसलो. मग आबांनी प्लास्टिकची खुर्ची अंगणात ओढली आणि गाडीपासून चार हातांवर बसून राहिले. शुक्रवारचा अख्खा दिवस ते तिथेच होते. कुणाचं पोर जवळ आलं की काठी आपटायचे. मेंढरं राखायचं काम सुटल्यापासून इतके आनंदात मी त्यांना पाहिलं नव्हतं.

आता घरातला नियम असा ठरला की रविवारी गाडी गावाकडे बिरोबाला न्यायची, त्याच्यापुढे उभी करायची, भंडारा उधळायचा, आणि मगच बाकी कुठे न्यायची. तोवर चाक हलवायचं नाही. शोरूमपासून घरापर्यंत आली ती खेप धरायची नाही, हा निकाल आईचा. नवरी सासरी येते त्याला कुणी प्रवास म्हणत नाही, असं ती म्हणाली. आमच्या आईचं नाव मायाक्का, आणि तिने निकाल दिला की वरचं कोर्ट नाही. उन्हाने रंग जाईल म्हणून तिने बॉनेटवर आपलं घोंगडं पसरलं. त्या झळाळत्या गाडीवर ते काळं घोंगडं बघून गल्ली हसली, पण धनाजीने ते काढलं नाही.

नियमामागे भीतीही होती आणि ती आईच्या घरची नव्हती, शेठच्या घरची होती. शेठच्या चुलतभावाने नवी गाडी घेतली, दुसऱ्याच दिवशी घरातलं कुणी आजारी पडलं म्हणून पहिल्यांदा ती दवाखान्यालाच न्यावी लागली, आणि सहा महिन्यांत तीच गाडी टेंभुर्णीच्या पुढे उलटली. दोन माणसं गेली. ही गोष्ट धनाजीने आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की आमच्या घरातल्या पोरांनाही पाठ होती. गाडीला पहिलं जे दाखवशील तेच ती पुन्हा बघायला मागते, असं तो म्हणायचा. आपण मेंढरं राखणारी माणसं, गाड्यांचं आपल्याला काय कळतं. ज्याला कळतं तो सांगतो म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले होते.

शनिवारी सकाळी मी माहेरी पुरणाच्या तयारीला गेले. दुसऱ्या दिवशीचा नैवेद्य. आई आणि वैष्णवी झेंडूच्या माळा गुंफत होत्या. आबा न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले होते, नवं धोतर घडी करून उशाशी ठेवलं होतं. उद्या पुढच्या सीटवर त्यांनी बसायचं असं ठरलं होतं. अकराच्या सुमारास ते खुर्चीवरून उठून आत आले आणि म्हणाले, पोटात जळजळतंय. मी सोडा दिला. त्यांनी ढेकर दिला, बरं वाटतंय म्हणाले, खाटेवर आडवे झाले. थोड्या वेळाने बघते तर बनियन घामाने चिंब. डावा हात उजव्या हातात धरून बसले होते आणि ओठ पांढरे पडले होते.

मी जवळ गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"रुपे," ते म्हणाले, "धनाला सांग, गाडी काढ म्हणावं. लौकर काढ म्हणावं."

एवढंच. देवाचं नाव नाही, खेपेचं नाव नाही. माणसाला दवाखान्यात जायचं होतं आणि दारात त्याच्या लेकाची गाडी होती.

मी बाहेर आले. खाटेपासून गाडीपर्यंत पंधरा पावलं असतील. तेवढ्यात माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी पाच वर्षं आठवत आलेय. टेंभुर्णीची ती उलटलेली गाडी आली. धनाजीचा शाळेत जाणारा मुलगा आला. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी आबांचं काही होईल असं मला वाटलंच नव्हतं. वाटलं, पित्त आहे. रिक्षाने जातील, सुई घेतील, संध्याकाळी घरी येतील, उद्या पुढच्या सीटवर बसतील. एका पित्तासाठी भावाच्या कोऱ्या गाडीची पहिली खेप दवाखान्याची कशाला करायची. मला तेव्हा मी फार शहाणी वाटले.

धनाजी गाडीपाशी उभा होता. किल्ली हातात होती.

"आबा म्हणत्यात नव्या गाडीतनं नगं," मी म्हणाले. "पैली खेप देवाची. तू मल्लेशची रिक्षा बघ."

त्याने काही विचारलं नाही. किल्ली खिशात टाकली आणि पळत सुटला. मल्लेश आमच्याच गल्लीतला, रिक्षावाला. पण तो स्टेशनला भाडं सोडायला गेला होता. धनाजीने चौकापर्यंत जाऊन दुसरी रिक्षा पाहिली, मिळाली नाही, परत आला. १०८ला फोन करायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. शेवटी मल्लेशच आला, पंचवीस मिनिटांनी. आबांना उचलून रिक्षात घातलं तेव्हा ते बोलत नव्हते, फक्त कण्हत होते. आमची गल्ली चिंचोळी, त्यात दारात गाडी उभी. रिक्षा वळताना गाडीला घासू नये म्हणून धनाजी पुढे पळत मल्लेशला हाताने खुणा करत होता. ते मी रिक्षातून बघितलं आणि तेव्हासुद्धा मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आबा गेले. डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, कधीपासून दुखत होतं, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला की थोडं आधी आणता आलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. धनाजी शेजारीच उभा होता.

दहाव्याला पाहुणे जमले. सगळ्यांनी तेच विचारलं, दारात गाडी असताना रिक्षा कशाला. धनाजी एकदम रडत म्हणाला की आबांनीच नको म्हणून सांगितलं, पहिली खेप देवाची म्हणाले. ज्या तोंडांवर आधी प्रश्न होता त्यांवर भक्ती आली. एका म्हाताऱ्याने तिथल्या तिथे हात जोडले. आई म्हणाली, माझा धनी तसाच होता. तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण माझ्या भावाला बुडताना काहीतरी हाताला लागलं होतं, ते मी कसं सोडवून घेऊ. आणि दुसरं कारणही सांगून टाकते. ते मलाही सोयीचं होतं.

तेराव्यानंतर गाडी बिरोबाला नेली. देवापुढे उभी केली. पुजाऱ्याने भंडारा टाकला, त्या पांढऱ्या गाडीवर पिवळे डाग पडले. पुढची सीट रिकामी ठेवली होती.

त्यानंतर धनाजी बदलला. त्याने ती गाडी घरासाठी अशी वापरलीच नाही. गल्लीत कुणाची बाई बाळंत व्हायची असो, कुणाचा म्हातारा पडलेला असो, धनाजीची गाडी हजर. पहाटे बोलवा, जेवताना बोलवा, तो ताटावरून उठून जायचा. लोक त्याचं नाव काढायचे. वैष्णवी मला म्हणाली, आक्का, आमची गाडी नाही राहिली, ॲम्ब्युलन्स झालीय, पोरांना एकदा फिरायला न्या म्हटलं तर म्हणतात, आपण बाहेर गेलो आणि कुणाला गरज लागली तर. तिचं खरं होतं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, वजन उतरलं होतं. झोपतानाही फोन छातीवर ठेवून झोपायचा. मी एकदा चिडून म्हणाले, एवढं काय ते पुण्य जमवतोस. तो म्हणाला, आबांनी जीव देऊन गाडी राखली, मग ती माझी कशी म्हणू.

हे ऐकून मी घरी आले. जेवताना माझ्या नवऱ्याने, कुंडलिकने, काय झालं म्हणून विचारलं तर भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाले. मीठ बरोबर होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तो माझ्या आवाजावरून ओळखतो, पण खोदून विचारत नाही. कधीकधी मला त्याचाही राग येतो.

यंदा पुण्यतिथीला गुंडामामाची गोष्ट संपल्यावर धनाजी पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, आबांचे ते शब्द गाडीच्या मागच्या काचेवर लिहून घेणार आहे. मोठ्या अक्षरांत, आणि खाली आबांचं नाव. सगळ्यांना ते इतकं आवडलं की मामाने सुपारी ठेवून त्याची पाठ थोपटली. आई पदराआड रडली. म्हणाली, गावातून गाडी जाईल तेव्हा माणसं वाचतील, त्यांचं नाव राहील. मी मोरीत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच बसले.

एक वाक्य घरात चार माणसांनी बोलणं वेगळं. ते काचेवर चढवून अख्ख्या जिल्ह्यात फिरवणं वेगळं. आणि त्याखाली आबांचं नाव. जे माणूस गाडी काढ म्हणत होतं, त्याच्याच नावाने गाडी काढू नका असं लिहायचं. हे मला सहन होईना. पण सांगितलं तर काय, याचाही विचार करून झाला होता. भाऊ एकच आहे. पाठचा, अंगाखांद्यावर वाढवलेला. तो माझं तोंड बघणार नाही. दिवाळीला ओवाळायला जायचं ते दार बंद होईल. आईला कळलं तर ती पंचाहत्तरीची बाई कुणाच्या दारात जाईल, आणि माझ्या दारात तर येणारच नाही. तीन दिवस मी हे चघळलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला की आसरा चौकात अक्षरं लावायला निघालोय, तू येतेस का, ओळ सरळ बसते का ते मागून बघायला कुणीतरी हवं. मी म्हणाले, येते.

दुकान विरेश नावाच्या माणसाचं. एका टपरीत अक्षरं कापायचं यंत्र आणि रेडियमच्या गुंडाळ्या. त्याने दहा नमुने दाखवले, धनाजीने लाल रंग निवडला. विरेशने विचारलं की हे कुठलं वचन आहे, कुठल्या महाराजांचं. धनाजी म्हणाला, माझ्या वडिलांचं. विरेशने मान डोलावली आणि म्हणाला, अर्धा तास लागेल, गाडीत बसा, बाहेर ऊन आहे.

आम्ही गाडीत बसलो. तो स्टेअरिंगवर, मी शेजारी. पाच वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदा बसले होते, एरवी मागेच बसायची. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं, फाटून कडेला गोळा झालेलं. त्याने खिशातून फडकं काढलं आणि डॅशबोर्ड पुसायला लागला.

"धना," मी म्हणाले, "ती अक्षरं लावू नगंस."

"का गं? लाल बरी दिसंना व्हय?"

"ते आबांचं बोलणं न्हाय. माजं हाय."

तो पुसतच राहिला. मी थांबले असते तर पुन्हा कधी बोलता आलं नसतं, म्हणून सगळं एका दमात सांगितलं. आबांनी मनगट धरलं ते, गाडी काढ म्हणाले ते, पंधरा पावलं, पित्त वाटलं ते, टेंभुर्णीची गाडी. मी म्हणाले की मारायचं तर मार, आईला सांगायचं तर सांग, पण माझ्या पापाखाली आबांचं नाव लिहू नकोस. मग मी रडले. बाहेर विरेशच्या यंत्राची किरकिर चालू होती.

धनाजीने फडक्याची घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा.

"मला ठाव हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही.

"मी दारात हुतो आक्का. तू वाकली हुतीस त्येंच्यावर. आबा गाडी काढ म्हणलं ते मी ऐकलं. तू यायच्या आदी गाडीपाशी जाऊन हुबा ऱ्हायलो. किल्ली हातात घिऊन. दार उघडायला काय लागतंय. पर हात हलंना. मनात म्हणत हुतो, आक्का आता यील आन् दुसरंच कायतरी सांगंल. सांगू दे, म्हणत हुतो. आन् तू आलीस, आन् तसंच सांगितलंस."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पाच वर्षं मी एकटी जळत होते. दर पुण्यतिथीला मोरीत बसून हातांची सालं काढली. आणि याला सगळं ठाऊक होतं. माझ्या तोंडून हवं ते ऐकून घेऊन हा मोकळा झाला होता. मी त्याला ते सगळं बोलून दाखवलं, आमच्या घरातल्या भाषेत, काही शब्द तर आईच्या तोंडचे. त्याने ऐकून घेतलं. मग माझं बोलणं संपलं आणि मला दिसलं की तो मोकळा झालेला नव्हताच. चाळीस-बेचाळीसचा माणूस, साठीचा दिसत होता. ताटावरून उठून लोकांची म्हातारी माणसं उचलत होता ते काही पुण्यासाठी नव्हतं.

मी विचारलं, मग ठाऊक असून काचेवर कशाला लिहितोस.

"लोकं वाचत्याल," तो म्हणाला. "गुंडामामाला खरं वाटतंय, आईला वाटतंय. रस्त्यावरच्या शंभर जणांनी वाचलं, तर एक दिस मला बी वाटंल."

काच तापली होती, गाडीत गुदमरायला होत होतं, पण त्याने एसी लावला नाही आणि मीही म्हणाले नाही. समोरून एक बाई पोराला कडेवर घेऊन गेली, तिच्या मागून एक हातगाडी गेली. आबा गेल्यापासून पहिल्यांदा मी भावाच्या शेजारी नुसती बसले होते, काहीही लपवायचं नसताना. वाईट वाटत होतं, पण एकटं वाटत नव्हतं. माझा हात त्याच्या हातावर होता, कधी ठेवला ते आठवत नाही.

मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "आक्का, मी दारात हुतो ते आबांनी बघितलं असंल का?"

आणि तेव्हा मला ते दिसलं. पाच वर्षांत मी त्या सकाळचं सगळं उलटसुलट करून पाहिलं होतं, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आबांनी माझं मनगट धरलं होतं, पण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, दाराकडे. धनाला सांग, असं मला म्हणाले आणि दुसऱ्यांदा, लवकर काढ म्हणावं, हे जरा मोठ्याने म्हणाले. दारातल्या माणसाला ऐकू जावं इतपत मोठ्याने. मग त्यांचे डोळे दारावरून हळूहळू बाजूला सरकले, अंगणाच्या दिशेला, गाडीकडे, आणि तिथेच थांबले. मी तेव्हा मागे वळून पाहिलं नव्हतं.

विरेश अक्षरांची पट्टी हातात धरून टपरीतून बाहेर आला. धनाजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे वळला होता, लहानपणी काही मोडल्यावर माझ्याकडे बघायचा तसा.

"न्हाय," मी म्हणाले. "डोळं मिटल्यालं हुतं त्येंचं. त्येंनी कुणालाच बघितलं न्हाय."

"बिरोबाची शपथ?"

मी शपथ घेतली.